आईचं तोंड काढताना

८ ऑक्टोबर २००१, सोमवार
आज माझं टेबल उचललं. चौघांनी मिळून, जिन्यावरून तिरकं करत. चोवीस वर्षं त्या टेबलावर वाकून धरणांचे नकाशे ट्रेस केले. खाली इंजिनिअरची रेघ, वर पारदर्शक कागद, तीच रेघ शाईत उतरवायची. हुद्दा : अनुरेखक. आता कॉम्प्युटर आला. अनुरेखक नको. मला आवक-जावक.
शेजारच्या टेबलावरचा भालेराव म्हणाला, "मॅडम, सुटलात. आता नुसते शिक्के मारायचे."
सुटले?
घरी येताना वाट वाकडी करून कागद घेतले, ६बीच्या चार पेन्सिली घेतल्या. कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा. दुकानदाराने विचारलं, "मुलांसाठी?" म्हटलं, "नाही."

९ ऑक्टो.
ऑफिसातून आल्यावर डावा हात काढला. दोन तास. बोटं बरोबर, नखं बरोबर, मापं बरोबर. हात मेलेला.
रेघ सगळीकडे सारख्या जाडीची. दाबायचं नाही, थांबायचं नाही, थरथरायचं नाही, हेच चोवीस वर्षं हाताला शिकवलं. तो शहाण्यासारखा शिकला.
फाडणार होते. नाही फाडला. तारीख घातली.

११ ऑक्टो.
पुन्हा हात. पुन्हा नकाशा.
अण्णा गेले तेव्हा मी कला महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला. दादा तेवीसचा, नुकताच सिन्नरला कारखान्यात लागलेला. त्यानेच ही जागा शोधली. "सरकारी आहे, शालू. आणि ड्रॉइंगचंच काम आहे." त्याला खरंच तसं वाटलं होतं. मलाही, निदान पहिले सहा महिने.
राग दादावर नाही. राग कोणावर आहे ते सापडत नाही, म्हणून पेन्सिलीची टोकं मोडतेय.

१४ ऑक्टो., रविवार
गोदाघाटावर रविवारी सकाळी एक ग्रूप स्केचिंगला बसतो म्हणून ऐकलं होतं. गेले. सगळी विशीतली मुलं-मुली. शिकवणारा निघाला वि.! माझ्याच वर्गातला. तेव्हा माझ्याकडून शेडिंग करून घ्यायचा. आता केस पांढरे, सगळे सर म्हणतात.
"सोनवणे? तू अजून काढतेस?"
"अजून नाही. परत."
एक देऊळ काढलं, पायऱ्यांसकट. वि.ने पोरांना बोलावून दाखवलं, "बघा, याला म्हणतात हात." पोरं वाकून बघत होती. ते देऊळ नव्हतं, देवळाचा प्लॅन होता. त्यावरून कोणीही तसंच्या तसं बांधून घ्यावं.

१८ ऑक्टो.
आईने विचारलं, "काय करी ऱ्हायनी रोज?" मेमध्ये तिला झटका आला, तेव्हापासून ती परत नामपूरचं बोलते. अण्णा तिथे शाळेवर होते. नाशकात इतकी वर्षं शुद्ध बोलली, ते सगळं गळून पडलं. अहिराणी तेवढी राहिली.
हात-पाय वाचले. तोंड गेलं. डावी बाजू खाली ओघळली, डावा डोळा पुरता मिटत नाही. तेव्हापासून पदर डाव्या गालावर. माझ्यासमोरसुद्धा. आरसा तिने स्वतः कपाटावर टाकला.
म्हटलं, "चित्रं काढते."
"कसाले?"
कसाले, ते मलाही माहीत नाही. पण सोडणार नाही, एवढं माहीत आहे.

२१ ऑक्टो., रवि.
भांडले. वीस जणांसमोर. बरं केलं.
घाटावर मखमलाबादकडची एक फुलवाली बसते, झेंडूचे ढीग लावून. तिला विचारून काढत होते. खांदा जमत नव्हता. वि. मागून आला, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्याच कागदावर, माझ्या रेघेवरून एक वळण मारलं. "बघ, आता जिवंत झाली."
झाली होती. खरंच झाली होती. तेच सहन झालं नाही.
"माझ्या कागदाला हात लावायचा नाही."
"शिकायला आलीस ना?"
"शिकायला. ट्रेस करायला नाही."
फुलवाली तेवढी हसली, "बाई लय तापट हाये."
कागद तिथेच टाकला. पुढच्या रविवारी जाईन, नक्की जाईन. हाकलून तर देऊ दे.

२५ ऑक्टो., गुरु. (रजा)
दुपारी आई खुर्चीत झोपलेली. पदर सरकलेला. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचं तोंड पूर्ण दिसलं. पेन्सिल कधी हातात घेतली कळलं नाही.
डाव्या-उजव्याचा मेळच नाही. चेहऱ्याची मधली रेषा आखून घ्यायची सवय, ती इथे लागूच पडेना. नाकापासून तोंड निघतं आणि भलतीकडेच जातं. हात अडखळला. थांबला. दाबला गेला. एक रेघ थरथरली, आणि ती बरोबर होती!
पाऊण तास. वर पाहिलं तर आई जागी. माझ्याकडे बघत होती. पदर ओढला, मग हात पुढे केला, "दाखाड."
दाखवलं. बराच वेळ पाहिलं.
"झोपेल माणूसले काढनी? चोरी शे हाई."
"चुकलं."
"जीता माणूसले इचारानं ऱ्हास."
कागद परत दिला. फाडला नाही.

२९ ऑक्टो.
विचारायचं कसं? तुझं वाकडं तोंड मला काढायचंय? दिवसभर शिक्के मारत तेच. चार पत्रांवर आवकऐवजी जावकचा शिक्का पडला.

२ नोव्हें.
विचारलं. सकाळी चहाच्या वेळी, सरळ. "आई, तुझं तोंड काढू का? जागेपणी."
कप खाली ठेवला. उठली, काठी टेकत खिडकीशी गेली, खुर्ची उजेडात ओढून घेतली. आवाज केवढा झाला, खालच्या देशपांडे वहिनींनी वर पाहिलं असणार.
बसली. पदर खांद्यावर घेतला, नीट, लग्नाला निघाल्यासारखा. गाल उघडा.
"पुरं काढ. अर्धं नई."
काढलं. वाईट आलं. पण पुरं आलं. ऑफिसला पाऊण तास उशीर, साहेबांनी विचारलं, सांगितलं, "घरी काम होतं." तब्येत वगैरे काही खोटं सांगितलं नाही.

९ नोव्हें.
रोज सकाळी अर्धा तास. नियम तिनेच घातला. आंघोळ, पूजा, मग "चाल, बठ." बोलायचं नाही, पण ती बोलतेच. नामपूरची शाळा, कांद्याच्या बाजाराच्या दिवशी मोसम नदीपर्यंत लागलेल्या गाड्या. बोलताना ओठाचा डावा कोपरा हलत नाही, बाकी सगळं हलतं. मी कशाच्या मागे धावतेय ते आता थोडं दिसायला लागलंय. हलतं ते काढायचं नाही. हलत नाही तेही नाही. त्या दोघांच्या मधलं

(दूध उतू गेलं.)

१६ नोव्हें., भाऊबीज
दादा आला सिन्नरहून. वहिनी माहेरी. ओवाळलं, जेवला, श्रीखंड दोनदा घेतलं. मग हात पुसत आतल्या खोलीत गेला आणि कॉटवरचा गठ्ठा बघितला. सोळा कागद.
"हे काय?"
"आई."
"आई अशी दिसत नाही."
"दिसते, दादा."
एकेक उलटत गेला. कान लाल. "चांगली बाजू काढ की. उजवी बाजू चांगली आहे तिची."
"दोन्ही तिच्याच आहेत."
"शालू, तू लहान आहेस का? उद्या कोणी बघितलं तर?"
बघू दे, म्हणणार होते. त्याच्याकडे बघून नाही म्हणवलं. आईचा तरुणपणचा फोटो त्यानेच मोठा करून आणला होता मागच्या महिन्यात, फ्रेम करून. कागद उलटे ठेवून गेला, पांढरी बाजू वर.
तो गेल्यावर सगळे सुलटे केले.

२ डिसें., रवि.
ग्रूपला जाते. वि. आता माझ्या कागदाजवळ हात मागे बांधून उभा राहतो. पोरींनी त्याची नक्कल बसवलीय. आज हळूच म्हणाला, "तुझी रेघ बिघडली, सोनवणे."
"हो."
"चांगली बिघडली."
शाबासकीसाठी जात नाही तिथे. (खोटं. घरी येईपर्यंत तेच ऐकत होते.)

११ डिसें.
काही येत नाही. आठ दिवस सगळं खोटं. आईचं तोंड मला पाठ झालं, आता मी तिला न बघता काढते. म्हणजे पुन्हा ट्रेसिंगच, फक्त खालचा नकाशा डोक्यात.
आई म्हणाली, "आज तू माले दखं नई."
तिला कसं कळलं?

१२ डिसें.
खुर्ची फिरवली. उजेड मागून. पाठ झालेलं सगळं अंधारात गेलं. परत पहिल्यापासून. छान.

६ जाने. २००२, रवि.
ग्रूपचं प्रदर्शन ठरलं, फेब्रुवारीत, गावातल्या एका सभागृहात. प्रत्येकाचं एक चित्र. वि.ने माझं देऊळ निवडलं. तेच, पहिल्या दिवशीचं. मी घाटावरच सोडून आलेलं, जपून ठेवलं होतं त्याने!
"लोकांना आवडेल. स्वच्छ काम आहे."
"ते नाही लावायचं."
"मग?"
पिशवीतून आई काढली. डिसेंबरातली, मागून आलेल्या उजेडातली. कान, गाल, तो डोळा, तोंड. वि. चष्मा वर करून खूप वेळ बघत राहिला. पोरं जमली, पण आज "बघा" म्हणाला नाही.
"घरचे काय म्हणतात?"
"जिचं आहे तिला विचारून आणलंय."
कालच विचारलं होतं. आई म्हणाली होती, "लाव. पन नीट उजेडमा लाव."
"हेच लावू," वि. म्हणाला. देऊळ परत मागितलं. त्याच्यामागे कोरा कागद आहे, आईच्या पुढच्या स्केचला उपयोगी पडेल.

२९ जाने.
निमंत्रणपत्रिका हातात आली. वर आई! एवढीशी, तिकिटाएवढी, पण आई. खाली : 'वृद्धा'.
दुपारच्या सुट्टीत वि.च्या घरी गेले. जेवत होता, तरी.
"वृद्धा काय? नाव आहे तिला."
"अगं, व्यक्तिचित्राला असंच देतात. ते एका बाईचं राहत नाही, सगळ्यांचं होतं."
"सगळ्यांचं तोंड असं आहे? तुझं आहे? यमुनाबाई सोनवणे. चित्राखाली तेच लागेल. नाहीतर चित्र नाही."
त्याची बायको आमटी वाढता वाढता थांबली. म्हणाली, "बरोबर बोलतात त्या."
पत्रिका छापून झाल्या. पण चित्राखाली नाव लागेल, आणि वर्तमानपत्राला पाठवतील तिथेही.

१२ फेब्रु., मंगळ.
इथल्या पेपरात आलं. आतल्या पानावर, कार्यक्रमांच्या यादीशेजारी. 'यमुनाबाई सोनवणे. चित्र : शालिनी सोनवणे.' आईला दाखवलं. तिने स्वतःचं नाव बोटाने वाचलं, मग माझं.
भालेरावने ऑफिसात कात्रण भिंतीला लावलं, आवक-जावकच्या वर.
सात वाजता दादाचा फोन.
"कारखान्यात चार जणांनी विचारलं, ही तुमची आई का. मला काय वाटलं असेल?"
"तू काय म्हणालास?"
"नाव कशाला घातलंस? नाव नसतं तर कोणाला कळलं असतं?"
"म्हणूनच घातलं."
"काढून घे ते चित्र. नाहीतर आईला मी घेऊन जातो. तुझ्याकडे तिची परवड चाललीय."
परवड. तिला उचलून दवाखान्यात नेलं ते कोणी? सहा महिने भरवलं ते कोणी? हे सगळं म्हटलं. ओरडून.

१३ फेब्रु.
एक प्रश्न आहे, तो लिहूनच टाकते. आईला झटका आला नसता तर माझी रेघ सुटली असती? तिचं गेलं, माझं आलं. मी तिच्या दुखण्यावर हात धुऊन घेतेय का? दादा जे म्हणतोय त्यातलं एवढं खरं आहे का?
सकाळी काढताना हेच डोक्यात. काढू शकले नाही. तिला सांगितलं, जसंच्या तसं, दादाच्या फोनसकट.
ती हसली. एका बाजूने. "तुना बाप गया तवय मनं तोंड पदरमा व्हतं. तवयपशी कोनी दखं? तू नई, रमेश नई. आते दखू दे."
"पण दादा तुला न्यायला येईल."
"येऊ दे. त्याले मी आई शे, तुलेबी आई शे. मनं तोंड मनं शे."
प्रश्न सुटला असं नाही. पण विचारून झाला. चित्र लागणार.

१७ फेब्रु., रवि.
प्रदर्शन. आईला रिक्षाने नेलं. नऊवारी, हिरवी. पदर डोक्यावरून, गालावरून नाही. चित्राशेजारी वि.ने खुर्ची ठेवली होती, न सांगता. ती तिथेच बसली तीन तास. लोक चित्र बघायचे, मग तिला, मग परत चित्र. एका मुलीने वाकून विचारलं, "आजी, तुम्ही?" आई म्हणाली, "मीच. आखो कोन?"
वही उघडून लोकांचे शेरे नाही वाचले. वाचणार नाही.
पाचला दादा आला. कामाच्याच कपड्यांत, सिन्नरहून जीपने, केसात धूळ. दारातून सरळ चित्रापर्यंत आला आणि थांबला. मी बाजूला सरकले.
आईने मान वर केली. "रमेश, कशी दिसस मी?"
तो चित्राकडे बघत होता. तिच्याकडे नाही.
"आई, घरी चल."
"कोनता घर?"
"माझ्या. येत्या रविवारी दहाला गाडी घेऊन येतो. तुझं सामान भरून ठेव." मग माझ्याकडे वळून, दबक्या आवाजात, "तमाशा केलास तिचा."
"तमाशा नाही. तू तिच्या तोंडाकडे नीट बघितलंयस तरी का? मेपासून एकदा?"
"मला नाही बघवत, शालू!"
एवढ्या मोठ्याने, की सगळं सभागृह वळलं. तो बाहेर गेला. खिडकीतून दिसला, रस्त्याच्या कडेला उभा, पाठ इकडे. बऱ्याच वेळाने गेला.
रागवायची तयारी करून ठेवली होती मी. ती वाया गेली.

१८ फेब्रु.
आई त्याच्याबद्दल बोलत नाही. मीही नाही. सकाळचा अर्धा तास चुकला नाही.

२१ फेब्रु.
आई गेली तर जाईल. तिला बांधून ठेवायला ती काय माझी वस्तू आहे? पण माझी पेन्सिल कोणी नेणार नाही. दर रविवारी सिन्नरच्या एसटीत बसेन, कागद घेऊन. दादाने दार लावलं तर त्याच्या पायरीवर बसेन. पायरी काढेन. वहिनीची तुळस काढेन. बघू तो किती रविवार तग धरतो.
आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भालेराव काढला. पहिल्यांदा ऑफिसात पेन्सिल, साहेबांसमोर. साहेब म्हणाले, "सोनवणेबाई, हे काय?" म्हटलं, "भालेराव." साहेब तिथेच थांबले. तीन मिनिटं बघत होते.

२३ फेब्रु., शनि.
आईने ट्रंक उघडली. दोन पातळं बाहेर काढून कॉटवर ठेवली. नेण्यासाठी का ऊन द्यायला, विचारलं नाही. संध्याकाळी पातळं तिथेच होती.

२४ फेब्रु., रवि. सकाळ
ग्रूपला गेले नाही. आई आठलाच तयार. खुर्ची खिडकीशी, उजेड समोरून, हे तिनेच ठरवलं. "आज असं."
काढायला बसले. तोंड आज चटकन आलं, डोळा आला. गळ्याची कातडी, कुडीने ओघळलेली कानाची पाळी. हात घाबरला नाही. मध्ये चहा. पातळं कॉटवर तशीच.
पावणेदहा. खाली गाडी थांबली. दादाचाच हॉर्न, दोनदा छोटा. आई हलली नाही. गाडीचं दार लागलं. जिन्यावर बूट, मधल्या वळणावर थांबलेत. अजून थांबलेलेच.
उठायला लागले तर आईने काठी घेतली.
"दरवाजा मी उघाडसू. तू कान पुरा कर."